डावीकडचं दार आणि इतर धक्के

आदरणीय वहिनी,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. (समोर असतो तर खरंच ठेवलं असतं, पण मग मला उठवायला कुणीतरी लागलं असतं, तेव्हा हल्ली पत्रातला नमस्कारच दोन्ही बाजूंना सोयीचा.) गुडघा काय म्हणतो? तेल संपलं असेल तर कळवा. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू अजून दुपारच्या झोपेच्या वेळी पलंग सरकवतात का? आमची खुशाली सांगायची तर तुमची जाऊ ठणठणीत आहे. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आणि आवाज तुमच्या खालोखाल. माझं मात्र बरं नाही. ताप नाही, खोकला नाही, पोट साफ. मला धक्का बसला आहे. एकच बसला असता तर मी तो गिळून टाकला असता, तुम्हाला कळवलंही नसतं. पण गेले काही महिने मला दर गुरुवारी धक्का बसतोय, आणि आता बुधवार संध्याकाळपासूनच छातीवर हात ठेवून बसायची सवय लागली आहे. सगळं क्रमाने सांगतो. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत आणि मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं की अर्धे गुण कापलेत, हे मी विसरलेलो नाही. (दादाचेही कापत होतात, आणि तो तर तुमचा नवरा होता.)

लिफ्ट तपासनीस म्हणून मी उभा जन्म काढला, आणि ‘उभा’ हे अगदी शब्दशः. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून मी घर तपासायला घेतलं. कपाटांच्या बिजागऱ्या, कुकरची शिटी, तुमच्या जावेची भाजी चिरायची पद्धत. काही दिवस तिने सोसलं. मग एका सकाळी तिने माझ्या हातातला पेचकस काढून घेतला आणि सांगितलं की वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक केंद्र आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जाऊन गप्पा मारणारे लोक त्यांना हवे आहेत. तिने माझं नाव दिलेलं आहे, आणि मी चप्पल घालावी. मी म्हटलं, मला गप्पा मारता येत नाहीत. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, तुम्ही ऐकायला जा.

केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. वय आपल्या मुलांएवढं, पण बोलणं असं की मी खुर्चीत सरळ बसलो. आम्हा नव्या लोकांना त्यांनी काय करायचं नाही ते शिकवलं. सल्ला द्यायचा नाही. घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही. ‘या वयात’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आणि दारात उभं राहून पोलिसासारखं नाव-गाव विचारायचं नाही; नुसतं म्हणायचं, मी गप्पा मारायला आलोय. (वहिनी, मी घरी जे जे करतो ते सगळं त्यात निषिद्ध होतं. तुमच्या जावेने तो अभ्यासक्रम आधी वाचला होता की काय, असा मला संशय आहे.) शेवटी प्रत्येकाला एकेक माणूस नेमून दिला. माझ्या वाट्याला आले एक जहाजावरचे आचारी. ऐंशीच्या पुढचे, एकटे, डाव्या कानाने कमी ऐकू येणारे. त्यांना समुद्राबद्दल विचारा, मॅडम म्हणाल्या, म्हणजे ते खुलतील. बाजारामागची जुनी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार.

आता इथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली पाहिजे, कारण पुढची सगळी आपत्ती तिच्यातून निघाली. मी लिफ्टमध्ये बसत नाही. लिफ्टच्या पोटात काय असतं ते मी एवढं जवळून पाहिलंय की जिना परवडतो. त्या इमारतीत जिना आणि लिफ्ट समोरासमोर आहेत. मॅडम लिफ्टने जातात, मी जिन्याने गेलो. त्यांचं डावं ते माझं उजवं. हे मला, ज्याने अशा शेकडो इमारती तपासल्या त्याला, कळू नये? नाही कळलं. मी माझ्या डाव्या हाताचं दार वाजवलं. दारावर पाटी नव्हती, नुसती पाटीची चार भोकं होती.

दार एका बारीक गृहस्थांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, खिशाला पेनासारखी छोटी बॅटरी. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, तोंडाकडेच, आणि विचारलं, काही दुखतंय का. मी म्हटलं, छे, मी तुमच्याशी गप्पा मारायला आलोय. ते नुसते बघत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन जरा मोठ्याने म्हटलं, जहाजावरच्या गप्पा. त्यांनी समोरच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बिस्किटाच्या पुड्याकडे. मग म्हणाले, “जहाजावरच्याच ना? या, आत या.” आणि माझ्या पाठीमागे दार घाईघाईने लावून घेतलं.

वहिनी, काय ते सांगणं. पहिल्या दिवशी जरा अडखळत होते, पण दुसऱ्या गुरुवारपासून त्यांनी जो समुद्र उघडला तो मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. वादळात जहाज आडवं झालं आणि पातेलंभर सूप उडून छताला चिकटलं, आणि सगळे खलाशी वर तोंड करून, जीभ काढून उभे राहिले ती गोष्ट. कप्तानाची अक्कलदाढ अशी सुजली की त्याला उत्तर-दक्षिण कळेना, आणि जहाज तीन दिवस गोल गोल फिरलं ती गोष्ट. एक देवमासा जहाजाला रोज येऊन घासायचा, सगळे घाबरले, यांनी वाकून पाहिलं तर बिचाऱ्याच्या हिरडीत नांगराचा तुकडा अडकला होता, तो यांनी दोरी लावून उपटला, आणि मग तो मासा बंदरापर्यंत सोबतीला आला. मी डोळे पुसत घरी यायचो आणि तुमच्या जावेला सगळं पहिल्यापासून सांगायचो. तिने एकदाच विचारलं की त्या जहाजावर लोक जेवतही होते, की नुसते दात दुखवत होते. मी तिला म्हटलं, तुला समुद्राचं काय कळतंय; खारी हवा असते, दातांना बाधते. (हे मला त्यांनीच सांगितलं होतं.) एवढे दिवस मी त्यांच्या डाव्या कानात ओरडून बोलत होतो. कान दोन्ही शाबूत होते. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

एकच गोष्ट खुपायची. समोरचं दार. मी जिना चढून आलो की त्या दाराच्या भोकातून कुणीतरी बघतंय असं वाटायचं, आणि आम्ही आत हसलो की ते दार धाडकन आपटायचं, म्हणजे उघडून पुन्हा आपटायचं. एकदा मी निघताना त्याच्या फटीतून एक जाड आवाज आला, “झालं हसून?” एवढंच. मला वाईट वाटलं. किती कडवट झालाय हा माणूस, मला वाटलं, एकटेपणा माणसाला कुठे नेतो. म्हणून मी केंद्रावर गेलो आणि मॅडमना मोठ्या मनाने सांगितलं की माझ्या आचारीकाकांच्या समोर एक फार तिरसट म्हातारे राहतात, त्यांच्याकडेही कुणालातरी पाठवा. मात्र माणूस खंबीर हवा.

मॅडम म्हणाल्या, बरं झालं तुम्ही स्वतःच आलात, मी तुम्हाला बोलावणारच होते. तुम्ही आचारीकाकांकडे अजून एकदाही का गेला नाहीत?

मी म्हटलं, मी एकही गुरुवार चुकवलेला नाही. त्या म्हणाल्या, काकांचा दर शुक्रवारी फोन येतो की कुणी आलं नाही. मी म्हटलं, काकांची स्मरणशक्ती गेली असेल. (माझ्या मनात आलं, वहिनी, ‘या वयात होतं असं’, पण ते दोन शब्द मी दाताखाली दाबून धरले.) मग मी पुरावा म्हणून देवमाशाची गोष्ट सांगितली. मॅडमनी ती शेवटपर्यंत ऐकली, आणि टेबलावर चहाचे दोन कप मांडून एक फूटपट्टी मध्ये ठेवली. हा जिना, ही लिफ्ट. तुम्ही कुठून येता? मी बोटाने दाखवलं. आणि दाखवता दाखवता माझं बोट हवेतच राहिलं. त्यांनी मला त्यातलाच एक कप प्यायला दिला. जिना की लिफ्ट ते आठवत नाही.

त्या गुरुवारी मी बरोबर दार वाजवलं. दार लगेच उघडलं, म्हणजे ते दाराशीच उभे असणार. केवढा तो माणूस! चौकट भरून गेली. खांद्यावर पंचा, दाढी नुकतीच केलेली, हनुवटीवर कापल्याची छोटीशी चीर. मी म्हटलं, मी गप्पा मारायला आलोय. ते म्हणाले, उशीर झाला. आणि आत गेले. मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात टेबलाशी दोन खुर्च्या समोरासमोर ओढून ठेवलेल्या होत्या आणि दोन कप बशांवर पालथे घातलेले होते. समोरच्या खुर्चीवर उशीसुद्धा होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते पाठ करून गॅस पेटवत म्हणाले, “मी वाट बघत होतो असं काही नाही. कप धुतलेलेच असतात.”

वहिनी, दर गुरुवारी हा माणूस दाढी करून, खुर्चीवर उशी ठेवून बसत होता, आणि जिन्यावर माझी पावलं वाजत होती, आणि समोरचं दार उघडत होतं, आणि भिंतीतून हसू येत होतं. धक्के मी पुष्कळ खाल्लेत. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडलोय, तुम्हीच डबा घेऊन दवाखान्यात आला होतात. पण त्या दोन कपांसारखं मला काही लागलेलं नाही.

चहा पीत असताना त्यांनी भिंतीकडे मान करून विचारलं, तो तिथे काय सांगतो तुम्हाला, एवढं हसायला. मला खोटं सांगता आलं नाही. मी म्हटलं, जहाजावरच्या गोष्टी. त्यांचा कप तोंडापाशी थांबला. “तो?” ते म्हणाले. “तो दातांचा डॉक्टर आहे. जिन्यावर बादली सांडली तरी त्याला भोवळ येते.”

मग समजलं ते असं. हे दोघं एकाच मजल्यावर जन्म काढलेले शेजारी. पूर्वी आचारीकाका बोटीवरून सुटीवर आले की पानं मांडली जायची, उठबस होती. मग एकदा आचारीकाकांची दाढ दुखली. त्यांनी सांगितलं, डावीकडची. डॉक्टरांनी डावीकडची उपटली. ती डावी डॉक्टरांची होती. आचारीकाकांची डावी तोंडात ठणकतच राहिली, आणि चांगली दाढ वाटीत पडली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नीट सांगितलं नाहीत. हे म्हणाले, दाढ माझी आहे, तिची दिशा मी ठरवणार. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे दोघांच्या बायका गेल्या, मुलं लांब गेली, पण दारं बंद ती बंदच. एकमेकांच्या बायकांच्या मयतीला दोघं गेले, आणि रांगेत एकमेकांकडे न बघता उभे राहिले. (डाव्या-उजव्यावरून कुणी एवढं धरून ठेवतं का, असं मी म्हणणार होतो, पण हे बोलायचा अधिकार त्या खोलीत माझ्याइतका कुणालाच कमी नव्हता.)

एवढं सांगून ते उठले आणि हातातल्या कपासकट, अनवाणी, थेट बाहेर. मी मागे धावलो. माझ्या डोळ्यांसमोर भांडण, पोलीस, वर्तमानपत्र, सगळं येऊन गेलं. त्यांनी डॉक्टरांच्या दारावर थाप मारली. डॉक्टरांनी हसतमुखाने उघडलं, कारण गुरुवार होता, आणि आम्हा दोघांना एकत्र पाहून त्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. पण मी रागात होतो. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत, देवमासासुद्धा खोटा. ते दाराची कडी धरून उभे राहिले.

“तुम्ही समुद्राचं विचारलंत, म्हणून समुद्राचं सांगितलं,” ते म्हणाले. “दातांचं विचारलं असतंत तर तेही सांगितलं असतं. पण विचारायला आलं कोण? माझ्याकडे कुणी येणारच नव्हतं. मला वाटलं, जहाजाचं नाही म्हटलं तर हा माणूस समोर जाईल.”

माझा राग उतरला. आचारीकाका मात्र हलले नाहीत. त्यांनी कपातला राहिलेला चहा संपवला आणि म्हणाले, “ती छताची गोष्ट सांग. भिंतीतून अर्धीच ऐकू आली.”

डॉक्टरांनी ती दारातच उभं राहून सांगितली. आचारीकाका परीक्षा घेतल्यासारखं ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, सूप छताला चिकटत नाही, ओघळतं. भात चिकटतो, आणि तोही करपलेला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी भात घालीन. मग आचारीकाकांनी जे सांगितलं त्याने मला भिंतीला टेकावं लागलं. ते म्हणाले की सारा जन्म मी बोटीवर काढला, पण समुद्र काही पाहिला नाही. भटारखाना तळाशी, खिडकी नाही, काम पहाटेपासून झोपेपर्यंत. बंदर आलं की सामान भरायचं. मी कांदे पाहिले, ते म्हणाले. घरी आलो की लोक विचारायचे, समुद्र कसा असतो. मी म्हणायचो, मोठा. याने माझ्यापेक्षा बरा पाहिलाय, आणि तोही या घरातल्या खुर्चीत बसून.

डॉक्टरांनी खिशातली बॅटरी काढली. म्हणाले, “उजेडात या जरा. ती दुसरी दाढ अजून आहे का, बघू.”

आणि वहिनी, तो एवढा मोठा माणूस जिन्याच्या खिडकीशी गेला, गुडघे थोडे वाकवले, आणि त्याने तोंड उघडलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असेल असं तुम्हाला वाटेल. झालं, पण माझ्याशिवाय. आता एक गुरुवार इकडे, एक तिकडे बैठक होते. डॉक्टर गोष्ट सांगतात, आचारीकाका ती दुरुस्त करतात. कुठल्या बंदरात काय मिळायचं, वारा कुठून लागला की पिठात ओल यायची, हे सगळं आता गोष्टींत येतं आणि त्या खऱ्यापेक्षा खऱ्या वाटतात. मी मध्ये बोललो की दोघं हाताने थांबवतात. परवा मला बिस्किटं आणायला खाली पाठवलं आणि परत येईपर्यंत कप्तान बदलला होता. मी मॅडमकडे तक्रार केली की त्यांना माझी गरज उरलेली नाही. मॅडम एवढ्या आनंदल्या की मी गरज नसल्याचंच मनावर घेऊन घरी आलो. (डॉक्टरांचं नावही आता केंद्रात आहे. मॅडम स्वतः जाऊन आल्या; मी त्यांना आग्रहाने जिन्याने नेलं.)

मग तो मागचा गुरुवार. जिना चढून आलो तर दोन्ही दारांना कुलूप. असं कधी झालेलं नाही. वाजवून वाजवून हात दुखले. शेवटी धावत खाली आलो. राखणदार फाटकाशी बसून डबा खात होता. मी विचारलं, तिसऱ्या मजल्यावरचे दोघं कुठे आहेत. तो भरल्या तोंडाने म्हणाला, “गेले.”

मी खांब धरला. विचारलं, कोण गेलं. म्हणाला, दोघंही. मी विचारलं, कधी. म्हणाला, सकाळीच. दोघं एकदम? हो, म्हणाला, हातात हात धरून. मी तिथेच पायरीवर बसलो. कसं झालं, एवढंच विचारू शकलो. त्याने घास गिळला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, “धक्का.”

मी रडायला लागलो, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. तो राखणदार घाबरला. मी विचारलं, त्यांना नेलं कुठे. त्याला काही समजेना. म्हणाला, नेलं कशाला, दोघं आपापले चालत गेले, नदीच्या धक्क्यावर. पलीकडे जायची बोट सुटते ना, तिथे. संध्याकाळी परत येतील.

मी धक्क्यावर पोचलो तेव्हा त्यांची बोट पलीकडून परत येत होती. पलीकडे जाऊन पुन्हा इकडे, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं, असं तिकीटवाल्याने सांगितलं. वरच्या डेकवर, कठड्याशी, दोघं. डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटलेले, एक हात कठड्याला आणि दुसरा आचारीकाकांच्या दंडाला, तोंड पांढरंफटक. आणि तशा अवस्थेत ते समोरचं पाणी कसं दिसतंय याचं वर्णन करत होते. लाटा, रंग, सगळं. आचारीकाकांचे डोळे उघडे होते. पण सुधारणा करत नव्हते. नुसते पाण्याकडे बघत होते. बोट लागली, लोक उतरले, तरी ते तिथेच. मी खालून हाक मारली, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “वरून असं दिसतं होय.”

मग तिघांनी मिळून आणखी एक फेरी मारली. मला बोट लागली. ते जाऊ दे.

तर वहिनी, असे हे धक्के. मी खोट्याच्या किती विरुद्ध आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच हाताखाली वाढलो. डॉक्टरांनी केलं ते मला अजूनही मान्य नाही आणि मी तसं त्यांना दर गुरुवारी सांगतो. गुडघ्याला जपा. पत्र लांबलं, याबद्दल जे गुण कापायचे ते कापा.

तुमचा आज्ञाधारक (बराचसा),
धाकटा दीर

ता. क. धक्क्यावरून परत येताना दोघं मला म्हणाले, नेहमी आम्हीच बोलतो, आज तुम्ही सांगा. मी लिफ्टच्या पोलादी दोरांची देखभाल कशी करतात ते सांगायला घेतलं. आचारीकाका चालता चालता पेंगले, डॉक्टरांनी हातातली बॅटरी माझ्या तोंडावर धरली. मला अपमान वाटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या वहिनी सर्कशीत होत्या, वाघिणीला शिकवायच्या. ते कसं निघालं मला सांगता येणार नाही. तुमच्या एका नजरेने भरलेला वर्ग गप्प व्हायचा, तर वाघीण का होणार नाही, एवढाच विचार मनात आला असावा. त्यानंतर घरापर्यंत त्यांनी मला दुसरं काही बोलू दिलं नाही. तुम्ही जळत्या कड्यातून स्वतः गेलात की फक्त वाघीण, हे मी मोघम ठेवलंय.

ता. क. आणखी. आता त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे. येत्या गुरुवारी पाच वाजता तुमचा फोन वाजेल. वहिनी, तो उचला. दादा गेल्यापासून तुमच्याकडचा फोन नुसता वाजत राहतो आणि मग कार्ड येतं, ‘मी मजेत आहे, काळजी नसावी.’ अक्षर सरळ, पण आम्ही दोघं ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचतो. त्या दोघांना मी काही सांगितलेलं नाही, त्यांना फक्त सर्कस हवी आहे. डॉक्टर वाघिणीच्या दाढांबद्दल विचारतील. आचारीकाका विचारतील की तिला खायला कोण घालायचं आणि किती. त्यांना ‘मजेत आहे’ एवढं उत्तर चालणार नाही. दर गुरुवारी फोन करायचा त्यांचा विचार दिसतो.

ता. क. शेवटचं. हे पत्र मी तुमच्या जावेला वाचून दाखवलं. खोटं बोललो म्हणून ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, फोन पाच वाजता लावणार असाल तर मीही तुमच्याबरोबर त्या दोघांकडे येते. आणि हो, वाघिणीचं नाव काय, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, ते वहिनीच सांगतील. तेवढं गुरुवारपर्यंत ठरवून ठेवा.